स्प्रेच्या डब्यातला गॅस : लहान दुकानात धोका किती आणि सांभाळायचं काय?

मानेवाडा_डिटेलिंग

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाडा रोडला गाडी धुण्याचं आणि डिटेलिंगचं छोटं दुकान आहे. १२ फूट रुंद, २५ फूट खोल, १० फूट उंच. समोर शटर, मागच्या भिंतीत खिडकी आणि खिडकीत कूलर. मधोमध एक खड्डा आहे, अंडरबॉडी कोटिंगसाठी. स्प्रेचे डबे रोज आठ-दहा लागतात: ब्रेक क्लीनर, डॅशबोर्ड पॉलिश, एसीचा जंतुनाशक फवारा, चेन ल्यूब, अधूनमधून टच-अपचा रंग. उन्हाळ्यात दुपारी ऊन आत येतं म्हणून शटर अर्धं खाली असतं. कामाला दोन पोरं आहेत. त्यातल्या एकाचं डोकं दुपारनंतर जड होतं, घरी गेलं की उतरतं.

विचारायचं ते असं:

१. या डब्यांत नेमका कोणता गॅस असतो? वर ‘ओझोन फ्रेंडली’ लिहिलेलं असतं, म्हणजे सुरक्षित समजायचं का?
२. आगीचा धोका खरोखर किती? आकड्यात सांगितलं तर बरं.
३. पोराचं डोकं गॅसमुळे दुखतं की दुसऱ्या कशामुळे?
४. मे महिन्यात साठा कुठे ठेवायचा आणि रिकामे डबे कुठे द्यायचे?

---

रसायन_हिंगणा

पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो.

डब्यात दोन गोष्टी असतात: माल, आणि मालाला बाहेर ढकलणारा गॅस. मालाचं नाव लेबलवर ठळक असतं. गॅसचं नाव बारीक अक्षरांत, नाहीतर नसतंच. गाड्यांच्या स्प्रेत सर्वांत जास्त सापडतो तो एलपीजी, म्हणजे प्रोपेन, ब्युटेन आणि आयसोब्युटेनचं मिश्रण. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा सख्खा भाऊ. फक्त एक फरक आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. घरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मर्कॅप्टनचा उग्र वास मुद्दाम मिसळतात. स्प्रेत भरायच्या गॅसला मात्र वास नको असतो, म्हणून तो बिनवासाचा करूनच घेतात. दुकानात तुम्हाला येतो तो वास सुगंधाचा किंवा सॉल्व्हंटचा, गॅसचा नाही. त्यामुळे ‘वास गेला म्हणजे हवा साफ झाली’ हा हिशेब इथे चालत नाही.

रंगाच्या स्प्रेत पुष्कळदा डायमेथिल इथर असतो. तो रेझिन (रंगाला चिकटपणा देणारा पदार्थ) छान विरघळवतो, म्हणून रंगवाल्यांचा आवडता. तोही पेटतो. धूळ उडवायच्या डब्यांत आणि काही कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये एचएफसी (हायड्रोफ्लोरोकार्बन) जातीचा १३४ए किंवा १५२ए असतो. यातला १३४ए साध्या परिस्थितीत पेटत नाही, १५२ए पेटतो. दोन्ही आकडे सारखे दिसतात म्हणून गल्लत होते. काही ब्रेक क्लीनर आणि ल्यूब कार्बन डायऑक्साइडवर चालतात.

हातात धरूनही थोडा अंदाज येतो. द्रवरूप गॅसचा डबा सलग दहा-पंधरा सेकंद दाबला की पत्रा गार पडतो, पावसाळ्याच्या दमट हवेत बाहेरून दव धरतं. आतला द्रव उकळताना पत्र्यातली उष्णता ओढून घेतो, त्याची ही खूण. असा डबा संपेपर्यंत एकाच जोराने फवारतो. कार्बन डायऑक्साइडचा डबा तसा गार पडत नाही, आणि माल कमी होत जातो तसा त्याचा जोरही उतरतो.

खात्री हवी असेल तर विक्रेत्याकडे सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालातले घटक आणि धोके सांगणारा कागद, मागा. भाग ३ मध्ये घटक आणि त्यांचे सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, असतात. प्रोपेन ७४-९८-६, एन-ब्युटेन १०६-९७-८, आयसोब्युटेन ७५-२८-५, डायमेथिल इथर ११५-१०-६, १३४ए चा ८११-९७-२, १५२ए चा ७५-३७-६. नावं वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेली असतात, क्रमांक मात्र बदलत नाही. शीट द्यायला जो कां-कू करतो त्याचा माल घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ‘ओझोन फ्रेंडली’. पूर्वी स्प्रेत सीएफसी (क्लोरोफ्लोरोकार्बन) गॅस असायचे. ते वरच्या थरातला ओझोन खातात हे मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं, १९८७ मध्ये ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला. आज बाजारातला साधा एलपीजीचा डबाही ओझोनच्या थराला धक्का लावत नाही. म्हणजे लेबल खोटं नाही. पण त्यातून ना आगीबद्दल काही कळतं, ना फुप्फुसाबद्दल, ना हवामानाबद्दल.

हवामानाचा हिशेब असा. १३४ए ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट धरतात. २०० ग्रॅमचा एक डबा हवेत सोडला की २८६ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. एक लिटर पेट्रोल जळून साधारण २.३ किलो निघतो, म्हणजे हा एक डबा सव्वाशे लिटर पेट्रोलच्या बरोबरीचा. १५२ए चा आकडा १२४ आहे, तेवढ्याच डब्याचे २५ किलो होतात. प्रोपेन-ब्युटेनचा आकडा एकेरीच. माँट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे एचएफसीचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आणि २०३२ पासून उतरवत न्यायचा असं ठरलं आहे. तोवर एवढं पाळा: व्हेंटमधली धूळ उडवायला १३४ए चा डबा वापरू नका, आणि एसीत भरायच्या गॅसचा डबा तर धुळीसाठी मुळीच नको. कॉम्प्रेसर दुकानात आहेच, त्याच्या एअर गनचं प्रेशर कमी करा आणि मऊ ब्रश घ्या.

एलपीजी हवामानाला हलका असला तरी आपल्या शहराच्या हवेला अगदी निरुपद्रवी नाही. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड, असले हायड्रोकार्बन आणि कडक ऊन एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. वरचा ओझोन आपल्याला राखतो, खालचा छातीला त्रास देतो. नागपूरच्या एप्रिल-मे मध्ये उन्हाची कमी नसते.

---

फायरसेफ्टी_सदर

दुसरा प्रश्न. आकडेच मांडतो.

ब्युटेन हवेत १.८ टक्क्यांच्या आसपास पोचला की पेटण्याजोगा होतो, प्रोपेन २.१ टक्क्यांना. डायमेथिल इथरची सुरुवात ३.४ ला होते, पण तो २७ टक्क्यांपर्यंत पेटता राहतो. आणि हे गॅस हवेहून जड आहेत: प्रोपेन दीडपट, ब्युटेन दुप्पट. ते वर जात नाहीत, पाण्यासारखे खाली उतरतात आणि खोलगट जागेत साचतात.

१०० ग्रॅम ब्युटेन सुटला की ३५ अंशांना सुमारे ४४ लिटर होतो. तुमचं दुकान ३००० घनफूट, म्हणजे ८५ घनमीटर. सगळीकडे सारखा पसरला तर ०.०५ टक्के. पेटायच्या पातळीपासून फार लांब. म्हणून एका डब्याने अख्खं दुकान उडत नाही. पण हाच गॅस लहान जागेत सोडा. हॅचबॅकच्या आतली हवा अडीच ते तीन घनमीटर. तुमचा खड्डा आठ फूट लांब, अडीच फूट रुंद, साडेचार फूट खोल धरला तर तोही अडीच घनमीटरच. तिथे ४४ लिटर म्हणजे दीड टक्क्याच्या वर झाले, आणि तळाशी आकडा त्याहून चढा असणार. खड्ड्यात उतरून स्प्रे मारणं आजच बंद करा. तिथे ब्रशने लावायचं कोटिंग वापरा. खड्ड्याच्या काठावर उभं राहून ब्रेक क्लीनर मारलात तरी गॅस त्यातच उतरतो, हेही धरून चाला.

आता एसीचा फवारा, ज्याची कळ दाबून अडकवतात आणि डबा आपोआप रिकामा होतो तो. १५० मिलीच्या डब्यात समजा ५० ग्रॅम एलपीजी आहे. त्याचे २२ लिटर होतात. तीन घनमीटरच्या केबिनमध्ये ०.७ टक्के. एका डब्याने मर्यादा गाठली जात नाही, शिवाय ब्लोअर चालू असल्यामुळे गॅस तळाशी न साचता मिसळतो. कंपनी ‘एका गाडीला एक, ब्लोअर चालू’ असं सांगते त्यामागे हे गणित आहे. दोन डबे लावले तर दीड टक्का. तिसरा लावला तर दोनच्या वर, म्हणजे केबिन पेटती झाली. आत ठिणगी द्यायला गोष्टी कमी नाहीत: लायटरचं सॉकेट, दाराच्या दिव्याचा स्विच, रिले, डॅशकॅमचा चार्जर. ‘वास जास्त आहे, अजून एक मारून दे’ असं गिऱ्हाईक म्हणालं तरी मारायचा नाही.

करायचं ते या क्रमाने. डॅशकॅम आणि चार्जर सॉकेटमधून काढा. केबिन फिल्टर काढून जागा मोकळी ठेवा. गाडी दुकानाबाहेर, सावलीत उभी करा. एसी आतल्या हवेवर, ब्लोअर पूर्ण जोरात. डबा बाजूच्या सीटच्या पायाशी सरळ उभा, तोंड वर. कळ अडकवा, दार लावा, दहा मिनिटं कोणीही आत नाही आणि जवळपास विडी-सिगारेट नाही. मग चारही दारं आणि डिकी उघडून किमान पंधरा मिनिटं वारं खेळू द्या. त्यानंतरच आत बसायचं.

इंग्लंडमध्ये हॅलिफॅक्सला डिसेंबर २०१९ मध्ये एका माणसाने बंद गाडीत एअर फ्रेशनर भरपूर मारला आणि सिगारेट पेटवली. काचा उडाल्या, दारं फुगून बाहेर आली. तो बिचारा थोडक्यात वाचला. गाडीत फक्त वासाचा स्प्रे होता, पेट्रोल-बिट्रोल काही नाही.

डिस्क किंवा इंजिन गरम असताना ब्रेक क्लीनर मारू नका. पुष्कळ ब्रेक क्लीनरमध्ये असणारा एन-हेक्झेन २२५ अंशांना ठिणगीशिवाय पेटतो, आणि घाटातून किंवा हायवेवरून आलेल्या गाडीची डिस्क तेवढी तापलेली असू शकते. हाताची पाठ जवळ नेऊन बघा. धग जाणवली तर अजून अर्धा तास थांबा.

---

गॅरेज_वाडी

भाऊ, एवढं घाबरायचं काहून? मागच्या भिंतीत छताजवळ एक एग्झॉस्ट पंखा बसवा, विषय संपला. रिकाम्या डब्याला खिळा मारून भोक पाडलं की भंगारात बिनधास्त टाकता येतो. आणि पोरांना मास्क द्या.

---

फायरसेफ्टी_सदर

@गॅरेज_वाडी, तिन्ही गोष्टी उलट्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

छताजवळचा पंखा वरची गरम हवा काढतो, गॅस जमिनीवर तसाच राहतो. खेचायचं ते खालून: पंख्याचं तोंड किंवा डक्ट जमिनीपासून एक फुटाच्या आत, शटरच्या समोरच्या भिंतीत. पंखा साधा नको, कारण त्या मोटरमधूनच गॅस जाणार आहे. फ्लेमप्रूफ मोटरचा (आतल्या ठिणगीने बाहेरचा गॅस पेटू न देणारा) घ्या, तो महाग पडतो हे मान्य. परवडत नसेल तर त्यापेक्षा चांगला आणि फुकटचा उपाय म्हणजे कूलरचा झोत मागच्या खिडकीतून आत आणि शटर पूर्ण वर. कूलर बाहेरची हवा ओढून आत ढकलतो, हवेला बाहेर जायला शटर असतं, जमिनीलगतचा गॅस त्याच वाटेने निघतो. मात्र कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला बसवलेला हवा. आत स्टँडवर ठेवलेला कूलर तीच हवा फिरवत राहतो, गॅस जात नाही. शटर अर्धं खाली असतं हे मूळ पोस्टमध्ये वाचलं तेव्हाच खटकलं. उन्हाचा त्रास असेल तर शटरबाहेर हिरवी जाळी बांधा, हवा अडणार नाही.

खिळ्याचं तर नावच काढू नका. ‘रिकामा’ वाटणाऱ्या डब्यात नॉझल तुंबल्यामुळे अर्धा गॅस शिल्लक असू शकतो. लोखंडावर लोखंड, ठिणगी, समोर तोंड. हा अपघात स्वतः बोलावून घ्यायचा प्रकार आहे.

मास्कबद्दल पुढचे जाणकार लिहितील.

---

व्यवसायआरोग्य_धंतोली

मास्कचं सांगते. कापडी किंवा एन-९५ मास्क थेंब आणि धूळ अडवतो, गॅस आणि वाफ नाही. कोळशाच्या काडतुसाचा मास्क सॉल्व्हंटची वाफ बरीच अडवतो, पण प्रोपेन-ब्युटेन इतके हलके आहेत की ते कोळशात टिकतच नाहीत. काही ब्रेक क्लीनरमधला डायक्लोरोमिथेनही लवकर पार होतो. त्यामुळे गॅसवर इलाज एकच, मोकळी हवा.

आता डोकेदुखी. कामावर चढते आणि घरी उतरते, तेव्हा संशय दुकानातल्या हवेवरच घ्यायचा. ब्युटेनसाठी एसीजीआयएच या अमेरिकी संस्थेची १५ मिनिटांची मर्यादा १००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १००० भाग) आहे. वरच्या हिशेबातले ०.०५ टक्के म्हणजे ५०० पीपीएम. हवा कोंडलेल्या दुकानात लागोपाठ तीन-चार डबे मारले की मर्यादा सहज ओलांडते. त्याने गरगरतं, डोकं जड होतं. पण माझं जास्त लक्ष गॅसकडे नाही, ब्रेक क्लीनरच्या मालाकडे आहे.

ब्रेक क्लीनर दोन जातींचे मिळतात. एक पेटणारा: हेक्झेन, हेप्टेन, अॅसिटोन. दुसरा ‘नॉन-फ्लेमेबल’: यात बहुधा डायक्लोरोमिथेन (सीएएस ७५-०९-२) किंवा टेट्राक्लोरोइथिलीन (१२७-१८-४) असतं. नॉन-फ्लेमेबल वाचून लोक निर्धास्त होतात. ही दोन्ही द्रव्यं कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या २ए गटात, म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’ यादीत आहेत. तापलेल्या धातूवर किंवा वेल्डिंगच्या ज्वाळेजवळ त्यांच्यापासून हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीन तयार होतात. फॉस्जीन थोडासाही फुप्फुसात पाणी भरवतो, आणि त्रास काही तासांनी सुरू होतो. असल्या क्लीनरने पुसलेल्या भागावर ओलसर असताना वेल्डिंग कधीही नाही.

पेटणाऱ्या जातीतला एन-हेक्झेन (११०-५४-३) नसांना मारतो. शरीरात त्याचं २,५-हेक्झेनडायोन बनतं आणि लांबच्या नसा आधी झिजतात. पायाच्या बोटांत मुंग्या, मग हाताच्या, दोन्ही बाजूंना सारख्याच, नंतर पकड ढिली. सोबत अॅसिटोन असेल तर परिणाम वाढतो. कॅलिफोर्नियात १९९९-२००० मध्ये ब्रेक क्लीनर रोज वापरणाऱ्या गॅरेज मेकॅनिकांमध्ये हाच आजार आढळला होता. काम थांबवल्यावरही काही आठवडे तो वाढत राहतो, म्हणून पहिल्या मुंगीलाच थांबायचं. पोराला स्वच्छ विचारा: ‘बोटं झिणझिणतात का? चप्पल पायातून निसटते का? स्क्रू हातातून सुटतो का?’ एकालाही हो असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे न्या आणि डब्याची शीट सोबत द्या. नुसतं ‘स्प्रेमुळे’ सांगून डॉक्टरला दिशा मिळत नाही.

एक वेगळा धोका पाणी-रोधक स्प्रेचा आहे, सीट आणि छताच्या कापडावर मारतात तो. त्यातला फ्लोरोपॉलिमर गॅसच्या जोराने इतक्या बारीक थेंबांत फुटतो की तो फुप्फुसाच्या पार तळापर्यंत जातो आणि तिथला निसरडा थर मोडतो. खोकला, छातीत आवळल्यासारखं, ताप. जर्मनीत २००६ मध्ये ‘मॅजिक नॅनो’ नावाच्या स्प्रेने शंभरावर लोक आजारी पडले. तेच उत्पादन हाताने दाबायच्या पंपात होतं तेव्हा असा त्रास झाला नव्हता. म्हणून सीटवर मारायचं असेल तर पंपाची बाटली घ्या, दारं उघडी ठेवा आणि आत बसून मारू नका.

हातमोज्यांबद्दल: पातळ नायट्रिलमधून डायक्लोरोमिथेन दोन-चार मिनिटांत आरपार जातो. मोजे घातले म्हणून हात भिजवायचे नाहीत.

कुणी गॅसने गरगरून पडला तर मोकळ्या हवेत आणा, आडवा करा, १०८ ला फोन करा. त्याला पळवू नका, उठवून चालवू नका, दरडावू नका. ब्युटेनसारखे गॅस हृदयाला अॅड्रेनलिनबाबत हळवं करतात, अशा वेळी दचकणं किंवा धावणंही ठोके बिघडवू शकतं. डॉक्टरला ‘हायड्रोकार्बन गॅस श्वासात गेला’ हे शब्द सांगा.

---

मानेवाडा_डिटेलिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. पोराला विचारलं, मुंग्या नाहीत. ब्रेक क्लीनरची शीट मागवली: एन-हेक्झेन ३० ते ६० टक्के, गॅस कार्बन डायऑक्साइड. आजपासून शटर पूर्ण वर.

दोन गोष्टी राहिल्या. डबे कमी करायला काय वापरू? आणि साठा-कचऱ्याचं सांगा. आत्ता डबे माळ्यावर आहेत, वर टिन आहे.

---

रसायन_हिंगणा

माळा आजच रिकामा करा. डब्यावर ‘५० अंशांच्या वर नको’ लिहितात. मे मध्ये बाहेर ४५ असताना टिनाखालच्या माळ्यावर तो आकडा ओलांडला जातो. २० अंशांना आयसोब्युटेनचा दाब सुमारे ३ बार असतो, ५० ला ७ च्या जवळ, ७० ला ११ च्या जवळ. प्रोपेन मिसळलेला असेल तर याहून जास्त. कारखान्यात डबे ५५ अंशांच्या गरम पाण्यात बुडवून तपासतात, त्यापुढची हमी कोणी देत नाही. दाबाइतकाच दुसरा धोका द्रव फुगण्याचा आहे. तापून द्रवाने वरची मोकळी जागा भरली की दाब एकदम चढतो, आधी तळ बाहेर फुगतो, मग शिवण सुटते. तळ फुगलेला डबा दिसला तर हात लावायची घाई नको. तो थंड होऊ द्या. याच कारणाने उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर वासाचा स्प्रे ठेवून जायचं नाही. गाडी परत देताना गिऱ्हाइकालाही सांगा.

साठा खालच्या थंड भिंतीला, लोखंडी जाळीच्या कपाटात. जाळी एवढ्यासाठी की आग लागली तर डबे रॉकेटसारखे उडतात आणि आग दूरवर नेतात. कपाट कॉम्प्रेसर, बॅटरी चार्जर आणि वेल्डिंगपासून लांब हवं, कूलरच्या तुषारापासूनही. ओल लागली की तळाची कडा गंजते आणि तिथूनच गळती होते. दुकानात आठवड्यापुरताच माल ठेवा.

डबे कमी करण्याबद्दल. डॅशबोर्ड पॉलिश ५ लिटरच्या कॅनमध्ये मिळते. मायक्रोफायबरवर थोडं घेऊन पुसा. हवेत उडत नाही, काचेवर धूसर थर येत नाही, पेडलवर आणि स्टिअरिंगवर सिलिकॉन बसून घसरडं होत नाही. मालही निम्मा लागतो. ब्रेकची नुसती काळी धूळ असेल तर पाणी, सौम्य डिटर्जंट आणि ब्रश पुरतात, मग एअर गन न मारता वाळू द्या. हवा मारली की पॅडची भुकटी श्वासात जाते. तेल-ग्रीस असेल तेव्हाच सॉल्व्हंट, तोही एन-हेक्झेन नसलेला. त्यासाठी कॉम्प्रेसरच्या हवेने भरायच्या धातूच्या स्प्रे-बाटल्या येतात, सुमारे एक लिटरच्या. दोनतृतीयांश भरा, वरची जागा हवेला सोडा, बाटलीवर लिहिलेल्या दाबाच्या पुढे जाऊ नका. सील व्हिटॉनचा आहे का ते विचारून घ्या. साधं रबर सॉल्व्हंटमध्ये फुगतं आणि व्हॉल्व्ह गळायला लागतो. अॅसिटोन असलेल्या क्लीनरला मात्र व्हिटॉनही टिकत नाही, तिथे सील टेफ्लॉनचं हवं.

---

फायरसेफ्टी_सदर

रिकाम्या डब्यांचं. अर्धा डबा तुंबून वाया जातो तो कचऱ्यात सर्वांत धोक्याचा, म्हणून आधी तुंबू देऊ नका. रंगाचं काम झालं की डबा उलटा करून दोन-तीन सेकंद दाबा, नुसता गॅस निघाला की नॉझल साफ झालं. एरवी डबा उलटा वापरू नका, नळी वर राहते, नुसता गॅस निघून जातो आणि माल आत अडकतो. तुंबलंच तर टोपी ओढून काढा, थिनरमध्ये बुडवा, नाहीतर दुसऱ्या डब्याची लावा. व्हॉल्व्हच्या भोकात सुई घालू नका.

संपला असं वाटलं की बाहेर, वाऱ्याच्या दिशेने, सरळ धरून ‘सुस्स’ आवाज पूर्ण थांबेपर्यंत दाबा. मग वजनकाट्यावर ठेवा. साधारण ४०० मिलीचा रिकामा पत्र्याचा डबा शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो. दीडशे भरला तर आत काहीतरी आहे. खरोखर रिकाम्या डब्यात उरतो तो वातावरणाच्या दाबाचा, जेमतेम अर्धा लिटर गॅस. त्याला भोक पाडायची गरजच नाही.

असा डबा पत्र्याच्या भंगारात चालतो, पण भंगारवाल्याला ‘स्प्रेचे आहेत, तपासलेले आहेत’ हे तोंडाने सांगा, कारण तो दाबयंत्रात घालतो. अर्धवट भरलेला, गंजलेला किंवा गळणारा डबा ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही. कचरागाडीत तो दाबला जातो, आणि भांडेवाडीच्या कचरा डेपोत तर उन्हाळ्यात कचऱ्याला आगी लागतातच. असे डबे वेगळ्या बादलीत साठवा आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत एजन्सीला द्या. दुकानाचा कचरा घरगुती धरला जात नाही, हे लक्षात ठेवा. गळणारा डबा हाती आला तर स्विच चालू-बंद न करता तो बाहेर उघड्यावर न्या, टोपी काढा, सरळ उभा ठेवा, संपेपर्यंत जवळ कोणी नको.

---

गॅरेज_वाडी

पटलं भाऊ. पंखा खाली घेतो. एक विचारतो: पंक्चरचा फुगवायचा स्प्रे येतो ना, टायरमध्ये फेस आणि हवा एकदम भरतो, त्यातही हाच गॅस?

---

फायरसेफ्टी_सदर

हो, पुष्कळ डब्यांत एलपीजी किंवा डायमेथिल इथर. टायरमध्ये मग हवा आणि पेटणारा गॅस एकत्र भरलेला असतो. असं चाक घेऊन गिऱ्हाईक आलं की आधी विचारा, ‘स्प्रे मारला होता का?’ हो म्हणाला तर चाक बाहेर न्या, व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण हवा सोडा, पुन्हा हवा भरा आणि पुन्हा सोडा, असं दोन-तीनदा करा. मगच टायर उतरवा. त्याआधी गरम पॅच नाही, घासायचं मशीन नाही, आणि रिमवर वेल्डिंग तर मुळीच नाही. चाकावर खडूने ‘स्प्रे’ लिहून ठेवा, म्हणजे दुपारच्या पाळीतल्या पोरालाही कळेल.

---

मानेवाडा_डिटेलिंग

खडूचं आजच सुरू केलं. खड्ड्यावर फळ्या टाकल्या. डबे माळ्यावरून खाली आणताना दोन डब्यांचे तळ फुगलेले निघाले. ते सावलीत बाहेर ठेवले आहेत, संध्याकाळी ऊन उतरलं की वाऱ्याला धरून रिकामे करतो.

---

फायरसेफ्टी_सदर

ते दोन दाबू नका. फुगलेल्या डब्याची शिवण कमजोर झालेली असते, हातात धरायचा तो डबाच नाही. लांब मोकळ्या जागी सावलीत उभे राहू द्या, पोरांना आणि गिऱ्हाइकांना तिकडे फिरकू देऊ नका, रात्रीच्या गारव्याने दाब उतरेल. उद्या सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, जाड मोजे आणि चष्मा घालून, तळ कोणाकडे रोखलेला नाही हे बघून वाळूच्या बादलीत उभे ठेवा आणि एजन्सीला तसेच द्या.

---

मानेवाडा_डिटेलिंग

समजलं. वाळूची बादली भरून ठेवली, सकाळी सहाला करतो.